घराला बाहेरून रंग काढून घेताना
दादा, दिवाळीआधी रंग हवाच म्हणून घाई करू नका. पावसात भिजलेली भिंत आतून वाळली नसेल तर नवा रंग फुगतो आणि त्याचे पोपडे सुटतात. गच्चीची गळती असेल तर ती आधी थांबवा, नाहीतर सगळा खर्च वाया जाईल. कंत्राटदाराला दर विचारण्याआधी भिंत दाखवा. शेवाळ घासून धुणार का, भेगा कशाने भरणार, प्रायमरवर (रंगाआधीचं अस्तर) इमल्शनचे (पाण्यात कालवायचा रंग) २ हात देणार ना? हे सगळं, परांचीच्या खर्चासकट, कागदावर घ्या. चौरस फुटाच्या मापात खिडक्या-दारं वजा करणार का, तेही. भांडणं बहुतेक तिथेच होतात. डबे सीलबंद आणून तुमच्यासमोर उघडायला लावा, पाणी किती घालतात ते पाहा. शेवटचा हप्ता काम तपासल्यावरच द्या.