ऑपरेशनकडून काय मागायचं, घराकडून काय

प्रश्न : आम्ही बावीस वर्षं न्यू जर्सीत आहोत. आमचं मूल २४ वर्षांचं आहे. मुलगी म्हणून वाढवलं, पाच वर्षांपूर्वी तिनं, म्हणजे त्यानं, आपण मुलगा असल्याचं सांगितलं. दोन महिन्यांनी त्याची छाती सपाट करण्याची सर्जरी आहे. डिप्रेशनच्या गोळ्या तीन वर्षं चालू आहेत. हे म्हणतात, आधी मन बरं होऊ दे, मग बघू. नणंदेनं स्वीडनच्या संशोधनाची बातमी पाठवली, की अशा ऑपरेशननंतर आत्महत्या वाढतात. माझी झोप उडाली आहे. ऑपरेशननं तो बरा होईल का?

उत्तर : ताई, आधी त्या बातमीचं बघू, कारण झोप तिनं उडवली आहे. स्वीडनचा तो अभ्यास २०११चा. १९७३ ते २००३ या काळात लिंगबदलाचे उपचार झालेल्या ३२४ जणांची तुलना त्यात सर्वसामान्य लोकांशी केली होती. त्यांच्यात आत्महत्येचं प्रमाण बरंच जास्त आढळलं, हे खरं आहे. पण ज्यांना ऑपरेशन हवं होतं आणि मिळालं नाही, त्यांच्याशी तुलना नव्हती. त्यामुळे ऑपरेशननं नुकसान झालं असा अर्थ त्यातून निघत नाही, आणि हे त्या संशोधकांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे.

उलट बाजूनंही तुम्हाला गोड काही सांगणार नाही. स्वीडनच्याच २०१९च्या दुसऱ्या अभ्यासानं म्हटलं होतं की सर्जरीनंतर जसजशी वर्षं जातात तशी मानसोपचाराची गरज घटते. आकडेवारी पुन्हा तपासल्यावर २०२०मध्ये तो निष्कर्ष दुरुस्त करावा लागला. २०२१मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या सर्वेक्षणावरून दिसलं, की हवी ती सर्जरी झालेल्यांमध्ये मानसिक त्रास, ती हवी असून न झालेल्यांपेक्षा कमी होता. पण कदाचित मुळात सावरलेले लोकच सर्जरीपर्यंत पोचत असतील, अशी शंका तिथेही उरते.

म्हणून मी असं सांगेन : छातीमुळे होणारी घुसमट या सर्जरीनं कमी होऊ शकते. छाती सपाट दिसावी म्हणून रोज आवळून बांधलेला पट्टा (बाइंडर), आरसा टाळणं, उन्हाळ्यातही जाड हुडी, हे सुटू शकतं. डिप्रेशन जाईलच याची हमी सर्जरीकडून मागू नका. त्याचीही मागणी तेवढीच असेल, विचारून बघा.

तुमच्या यजमानांची काळजी मला समजते. पण मन पूर्ण बरं होण्याची अट डॉक्टरही घालत नाहीत. ते पाहतात की त्याला निर्णय नीट समजतो आहे का, डिप्रेशन आटोक्यात आहे का, नंतरची काळजी घेता येईल का. शिवाय थांबणं म्हणजे काहीच न करणं नव्हे; त्या दिवसांत तो ती घुसमट सोसतच असतो. यजमानांना शंका असतील तर मुलाच्या संमतीनं तिघांनी थेरपिस्टकडे बसा. गोळ्या त्यानं आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत, एवढं मात्र ठामपणे सांगा.

आता तुमच्या हातातलं. कॅनडातल्या ऑंटारिओत १६ ते २४ वयाच्या ८४ ट्रान्स मुलांना, म्हणजे जन्मावेळी ठरवलेल्या लिंगापेक्षा वेगळी ओळख असलेल्यांना, विचारलं गेलं; तो अहवाल २०१२मध्ये आला. आईवडिलांचा भक्कम आधार असलेल्यांपैकी ४ टक्क्यांनी गेल्या वर्षभरात जीव देण्याचा प्रयत्न केला होता. तसा आधार नसलेल्यांमध्ये ५७ टक्क्यांनी. अभ्यास लहान आहे, तरी आकडा वाचून मी हादरले होते.

इंग्रजीत समोरच्याशी 'यू' म्हणून दिवसभर बोलता येतं. मराठीत क्रियापद लपू देत नाही. 'आलीस का', 'जेवलीस का', 'कुठे गेली होतीस'. तुमचा मुलगा घरात पाऊल टाकल्यापासून हे ऐकतो. म्हणून अशी काही मुलं घरात इंग्रजीत बोलू लागतात, आणि आपल्याला वाटतं मराठी विसरली. आपल्याकडे तर लाडक्या लेकीलाही 'जेवलास का रे' म्हणायची रीत आहे, जीभ सर्वस्वी नवखी नाही. चुकलात तर लगेच दुरुस्त करा, रडारड नको. नाहीतर त्यालाच तुमचं सांत्वन करत बसावं लागतं.

सर्जरीनंतर बहुधा आठवडाभर छातीला ड्रेन, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्या असतात, हात वर नेता येत नाहीत, वजन उचलायचं नसतं. रजा काढून जा. दुखण्याच्या जोरदार गोळ्यांनी शौचाला साफ होत नाही, तेव्हा मऊ भात, तूप, मेतकूट आणि भरपूर पाणी. पहिल्या दोनेक आठवड्यांत तो उगाच रडू, चिडू शकतो. भूल, दुखणं, अपुरी झोप, सूज यांमुळे तसं होतं. 'पस्तावलास का?' असं तेव्हा विचारू नका. पस्तावणारे असतात, पण प्रसिद्ध अभ्यासांत ते थोडे आढळले आहेत, आणि आठव्या दिवसाचं रडं म्हणजे पस्तावा नाही.

उदासी दोन आठवड्यांपलीकडे टिकली, किंवा तो निरवानिरवीचं बोलू लागला, तर सरळ विचारा : जीव द्यावासा वाटतोय का? विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. अमेरिका आणि कॅनडात ९८८ हा आत्महत्या रोखण्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. तो तुमच्यासाठीही आहे.

नणंदेला उत्तर द्यायचं की नाही, आणि घरच्या थोरांना काय सांगायचं, हे त्याला विचारून ठरवा. ऑपरेशन त्याचं आहे, बातमीही त्याचीच.