कोर्टाचं समन्स आलं, दार लावून घेतलं

प्रश्न : वकीलताई, मी इचलकरंजीत शिवणकाम करते. दोन वर्षांपूर्वी मिस्टरांच्या यंत्रमागासाठी ओळखीतल्या एकाकडून अडीच लाख रुपये घेतले. आम्ही दोघांनी प्रॉमिसरी नोटवर सह्या केल्या, सही केलेले दोन कोरे चेकही दिले. व्याज महिन्याला शेकडा तीन. चौदा महिने साडेसात हजार भरले, काही रोख, काही फोनवरून. मग माग बंद पडले आणि हप्तेही. गेल्या आठवड्यात कोर्टाचा बेलीफ आला. भाऊजी म्हणाले, ‘‘कागद घेऊ नका, घेतला की अडकलात.’’ मी दार लावून घेतलं. तेव्हापासून झोप नाही. माझी मशीन, मंगळसूत्र नेतील का? मिस्टरांना आत टाकतील का? मशीन भावाच्या नावावर करून ठेवू का?
– एक वाचक

उत्तर : ताई, भाऊजी काळजीपोटीच बोलले असतील, पण हा सल्ला तुम्हाला बुडवेल. तुम्ही समन्स घेतलं नाही म्हणून दावा थांबत नाही. बेलीफ प्रत दाराला चिकटवतो, तसा अहवाल देतो आणि समन्स बजावलं असं कोर्ट धरू शकतं. म्हणजे तुमचे दिवस कदाचित मोजायला लागलेही आहेत.

वकिलीच्या सुरुवातीला माझ्याकडे एक जोडपं आलं होतं. कोर्टाचं पाकीट त्यांनी न फोडता देवघराच्या खणात ठेवलं होतं. मी फोडलं तेव्हा तारीख उलटून चार महिने झाले होते, एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे त्यांचं न ऐकताच पैसे भरण्याचा आदेश, झाला होता. त्याच खणात, त्याच पाकिटाखाली, प्लास्टिकच्या पिशवीत पैसे परत केल्याच्या पावत्या होत्या. निम्म्याहून जास्त रक्कम फिटलेली. कोर्टाला ते कुणी सांगितलंच नव्हतं. तो खण मी अजून विसरले नाही.

म्हणून उद्याच कोर्टात जा. नाव सांगून दाव्याचा नंबर काढा. ई-कोर्ट्सच्या ॲपवरही पक्षकाराच्या नावाने शोधता येतं. दाव्याची प्रत मिळवा. प्रॉमिसरी नोटवरचा दावा बहुतेक वेळा ‘समरी सूट’ म्हणजे झटपट चालणारा दावा म्हणून लावतात आणि त्यात घड्याळ जोरात पळतं. समन्स बजावल्यापासून दहा दिवसांत हजेरी नोंदवायची. मग समोरचा निकालासाठी वेगळं समन्स काढतो, ते मिळाल्यावर पुन्हा दहा दिवसांत प्रतिज्ञापत्रासह बचावाची परवानगी मागायची. साध्या दाव्यात कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, द्यायला तीस दिवस असतात. तुमचा कोणता, हे समन्सवरच कळेल. मुदत टळली असेल तरी वकिलाला लगेच दाखवा. उशिराचं खरं कारण आणि झटपट अर्ज, दोन्ही लागतं.

आता तुमच्या बचावाचं. शेकडा तीन म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के. आपल्याकडे महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ आहे. त्याखाली शेतकरी नसलेल्यांसाठी ठरवलेला दर विनातारण कर्जाला वर्षाला १८ टक्के. त्या हिशेबाने महिन्याचे ३,७५० होतात. तुम्ही दुप्पट भरत होतात. शिवाय पैसे देताना सावकाराकडे परवाना नसेल तर या कायद्याखालच्या दाव्यात कोर्ट त्याच्या बाजूने हुकूमनामा देत नाही. हा माणूस गावात आणखी कुणाकुणाला व्याजाने देतो, ते शांतपणे विचारा. परवान्याची चौकशी सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात करा. एखाद्याने ओळखीखातर एकदाच हातउसने दिले तर त्याला सावकार म्हणता येत नाही, हेही लक्षात ठेवा. फोनवरून भरलेल्या प्रत्येक रकमेची नोंद बँकेच्या उताऱ्यावर असेल, तो उतारा आजच काढा. आणि घेतलेच नाहीत असं म्हणू नका. सही तुमची आहे. पैसे घेतले, एक लाख पाच हजार व्याजापोटी दिले, दर बेकायदा होता, हे खरं आहे आणि तेच सांगा.

तुमची शिलाई मशीन म्हणजे कारागिराचं हत्यार. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे ती जप्त होत नाही. अंगावरचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूणही नाही. रूढीप्रमाणे बाईने अंगावेगळे करायचे नाहीत असे दागिनेही त्यात आहेत, तेव्हा मंगळसूत्राची काळजी सोडा. बाकीच्या सोन्याला मात्र हे संरक्षण नाही. बंद मागांनाही ते मिळेलच असं धरून चालू नका.

तुरुंगाचं म्हणाल, तर पैशाच्या हुकूमनाम्यापोटी बाईला अटक करताच येत नाही. मिस्टरांबाबत, हाती पैसा नाही एवढ्यावरून त्यांना आत टाकता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात हे स्पष्ट केलं आहे. ऐपत असून टाळाटाळ, लबाडी दिसली तर गोष्ट वेगळी. म्हणूनच मशीन भावाच्या नावावर करू नका. मुळात जप्त न होणारी वस्तू लपवायला जाल आणि लबाडीचा पुरावा स्वतःच्या हाताने द्याल.

मला खरी धास्ती त्या दोन कोऱ्या चेकची आहे. ते वटले नाहीत तर नोटीस येईल; ती मिळाल्यापासून पैसे भरायला पंधरा दिवस. तो फौजदारी खटला असतो, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ती नोटीसही घ्यायची, त्याला उत्तरही द्यायचं.

देणं काही प्रमाणात निघालंच, तर हप्ते बांधून द्या, अशी विनंती निकालाआधीच करा. कोर्टाला तेव्हा तो अधिकार असतो; हुकूमनामा झाल्यावर समोरच्याची संमती लागते. शिवणकामातून घरखर्च जाऊन महिन्याला किती उरतात, तेवढाच आकडा सांगा. लोकअदालतीतही हे बोलता येईल. पटलं नाही तर उठून या, दावा कोर्टात पुढे चालतो. पण तिथे तडजोडीवर सही केलीत तर त्यावर अपील नाही, म्हणून आकडा पेलणारा हवा.

वकिलाच्या फीसाठी अडू नका. बाईला उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चाने वकील मिळतो. कोर्टाच्या आवारातल्या तालुका विधी सेवा समितीत अर्ज करा किंवा १५१०० ला फोन लावा. दारावर कागद चिकटवलेला असेल तर फाडू नका. त्याचा फोटो काढा, कोणत्या दिवशी दिसला ते लिहून ठेवा आणि कागद जपून सोबत न्या. मिस्टरांनाही घेऊन जा, नोटवर त्यांचीही सही आहे.