बायबलातल्या वंशावळीत ‘राम’ कसा काय?

प्रश्न : नमस्कार. शेजारच्या ख्रिस्ती काकूंनी नवीन फ्लॅट घेतला, त्याच्या प्रार्थनेला आम्ही सगळे गेलो होतो. तिथे रूथच्या पुस्तकाचा शेवट वाचला, त्यात हेस्रोनचा मुलगा राम आणि रामचा मुलगा अम्मीनादाब असं आलं आणि मी चपापलेच. आम्ही पंचवटीतले, काळारामाच्या देवळापासून पाच मिनिटांवर राहतो, राम म्हटलं की आमच्यासाठी एकच. घरी येऊन सांगितलं तर मुलाने लगेच व्हॉट्सॲपवरचा एक फॉरवर्ड दाखवला, की हा राम म्हणजे आपले रामचंद्रच आणि येशू त्यांच्या वंशातले. हे खरं आहे का? नसेल तर त्या नावाचा अर्थ काय?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : ताई, तुम्ही ऐकलंत ते बरोबर आहे. रूथच्या चौथ्या अध्यायात पेरेसपासून दावीद राजापर्यंत १० नावं आहेत आणि त्यात तिसरं नाव राम. पण तो फॉरवर्ड पुढे पाठवू नका. नाव कानाला एकच वाटतं, मूळ मात्र पार वेगळं आहे, आणि मला विचाराल तर दोघांना ओढूनताणून एक केलं की दोघांचंही आपलं-आपलं जे आहे ते हरवतं.

हिब्रूत हे नाव दोनच अक्षरांचं, रेश आणि मेम, उजवीकडून डावीकडे लिहायचं, आणि मधला ‘आ’ वाचणाऱ्याने वाचायचा. अर्थ उंच, थोर. हाच शब्द बायबलात इतर नावांच्या पोटातही बसलेला आहे, एकदा कळलं की सगळीकडे दिसायला लागतो. अब्राम म्हणजे थोर पिता, पुढे देवाने त्याचं नाव बदलून अब्राहाम केलं. मोशेच्या वडिलांचं नाव अम्राम, सोरचा राजा हीराम, यहूदाचा एक राजा योराम, म्हणजे ‘परमेश्वर थोर आहे’. शमुवेल संदेष्ट्याचं गाव रामा, ते उंचावरचं गाव म्हणून रामा. आणि आज तेल अवीवला लागून रमत गन नावाचं शहर आहे, त्यातला ‘रमत’ पण याच घरातला, टेकडी, उंचवटा अशा अर्थाचा. आता रामा गावाचं नाव ऐकून कुणी म्हणालं की आपल्या रामशेजसारखंच तेही रामावरून पडलं, तर ते जसं चुकेल तसंच हे.

आपला राम संस्कृतातला, रम् धातूचा, ज्याच्या ठायी मन रमतं तो. शिवाय वेदांत ‘राम’ हा शब्द काळसर, गडद या अर्थानेही येतो, अथर्ववेदात एका वनस्पतीला ‘रामे, कृष्णे’ अशी हाक मारलेली आहे. तुम्ही रोज काळारामाची ती काळ्या पाषाणाची मूर्ती बघता, म्हणून हा अर्थ तुम्हाला मुद्दाम सांगितला. हिब्रू ही अरबीच्या कुटुंबातली भाषा, संस्कृत वेगळ्या कुटुंबातली, त्यामुळे ‘उंच’ आणि ‘रमणं’ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

फॉरवर्डचा दुसरा भाग पण लंगडा आहे. येशूची वंशावळ बायबलातल्या मत्तय आणि लूक या शुभवर्तमानांत येते, ती मुळात ग्रीकमध्ये लिहिलेली. मत्तयात या माणसाचं नाव ‘अराम’ असं आहे, आणि लूकच्या काही जुन्या हस्तलिखितांत तर ‘अर्नी’. नाव एका भाषेतून दुसरीत जाताना असं बदलतं.

खरा जोड बघायचा असेल तर आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंकडे बघा. ते पिढ्यान् पिढ्या मराठी बोलत आले, आडनावं रोहेकर, पेणकर, आणि जुन्या काळी अब्राहामचा आबाजी, सामुएलचा सामाजी, मोशेचा मुसाजी अशी नावं घरोघर होती. तिथे हिब्रू नावाने खरोखर मराठी अंगरखा घातला, कारण ती माणसं इथल्या माणसांत राहिली. नुसतं कानाला सारखं लागलं म्हणून असं नातं होत नाही.

आता या रामबद्दल थोडं, कारण त्याच्याकडे कुणी बघतच नाही. त्याचे वडील हेस्रोन हे अब्राहामचा नातू याकोब याच्याबरोबर मिसरला, म्हणजे इजिप्तला, गेलेल्या लोकांच्या यादीत आहेत, आणि नातू नहशोन हा मिसरमधून बाहेर पडल्यावर रानात यहूदा वंशाचा सरदार होता. म्हणजे मिसरमधला सगळा काळ, बायबलातल्या निर्गम या पुस्तकात तो ४३० वर्षांचा सांगितलाय, त्यात या घरातली नावं मधे दोनच, राम आणि अम्मीनादाब. दोन पिढ्यांत एवढी वर्षं बसत नाहीत, म्हणून पुष्कळ अभ्यासक म्हणतात की मधली नावं गाळली असणार, हिब्रूत ‘मुलगा’ हा शब्द नातवा-पणतवालाही चालतो. याच वर्षांत त्या लोकांवर गुलामीत विटा थापायची वेळ आली. आणि त्या काळातल्या एका माणसाचं नाव ‘उंच’. त्याने काय केलं, कुठे मेला, एक ओळ नाही.

माझ्या आजीचं बायबल माझ्याकडे आहे, आम्ही नाशिकच्याच शरणपूर रोडचे. पुढच्या कोऱ्या पानावर निळ्या शाईने घरातल्यांची नावं आणि जन्मतारखा लिहिल्यात, त्यातलं एक नाव पणजोबांच्या भावाचं. त्या भावाबद्दल घरात कुणालाच काही माहीत नाही, शाई पण आता फिकट झालीय, पण ते नाव वगळलं तर यादी अपुरी राहते म्हणून आईने ते पुन्हा गिरवलं. रूथमधला राम वाचला की मला ते गिरवलेलं नाव आठवतं.

काकूंना बायबलातल्या ‘१ इतिहास’ या पुस्तकाचा दुसरा अध्याय काढून द्यायला सांगा. तिथे या रामचा भाऊ यरहमेल भेटेल, आणि त्याच्या थोरल्या मुलाचं नावही रामच आहे, बहुतेक काकाचंच ठेवलेलं.