बेळगावात भाड्याच्या दोन खोल्यांतला पंखा, दिवे, राउटर आणि मोबाईल नुसत्या सोलरवर चालतील का?

चालतील. पावसाळ्यातल्या झडीचे दिवस मात्र वेगळे, म्हणून हिशेब नुसत्या एप्रिलच्या उन्हावरून करू नका, जुलै डोळ्यांसमोर ठेवा. मी इथंच, बेळगावातल्या अनगोळला राहतो, आमच्या घरचा हा सगळा बारीक लोड सोलरवरच आहे.

12 व्होल्टचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा 30 वॅटचा, रात्री आठ तास चालला तर 240 वॅट-तास. 9 वॅटचे तीन दिवे पाच तास, ते 135. राउटर जेमतेम 10 वॅटचा, पण चोवीस तास सुरू, म्हणजे त्याचेही 240! पंख्याची काळजी सगळे करतात, राउटर कुणाच्या लक्षातच येत नाही. मोबाईल धरून 650 च्या आसपास जातं. कडक उन्हात 200 वॅटचं पॅनेल, गळती वजा करून, दिवसाला जवळपास तेवढंच देतं.

मृग लागला की हा हिशेब कोलमडतो. अथणी-गोकाककडे पाऊस कमी, तिथं निभावतं. खानापूर-कणकुंबीकडे झड लागली की दिवसच्या दिवस ऊन नाही, आणि आपल्या शहरालाही त्या झडीचा वाटा मिळतोच. म्हणून 12.8 व्होल्ट, 100 एएच (अँपिअर-तास) ची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घ्या, दीड-दोन दिवस निघतात. आणि लाईटचं कनेक्शन तोडू नका, पावसाळ्यात बॅटरी त्यावर चार्ज करता येते. शिवाय 2023 पासून कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेत तुमचं बिल शून्य येत असेल, तर यातून पैसे वाचणार नाहीत. लाईट गेल्यावर घर चालू राहावं यासाठीच हे करा. त्यासाठी ते नक्की करण्यासारखं आहे.

एवढ्याशा लोडला इन्व्हर्टर लावू नका असं मी आग्रहानं सांगेन. काही न चालवता तो स्वतःच 10-15 वॅट खातो, म्हणजे रात्रंदिवस आणखी एक राउटर पोसल्यासारखं. सगळं थेट 12 व्होल्टवर चालवा. मात्र वायर जाड हवी. 1.5 चौरस मिमीच्या वायरीतून दहा मीटरवर साडेपाच अँपिअर नेले की सव्वा व्होल्ट वाटेतच जातो, पंखा मंदावतो. 4 चौरस मिमीची घातलीत तर अर्ध्या व्होल्टवर भागतं. राउटर मात्र सरळ बॅटरीला जोडू नका. चार्जिंगच्या वेळी व्होल्टेज 14 च्या वर जातं, मधे 12 व्होल्ट स्थिर ठेवणारा छोटा कन्व्हर्टर हवाच.

पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, साधारण 15-16 अंश कलतं ठेवा. टाकीची सावली एका कोपऱ्यावर पडली तरी उत्पादन बरंच घटतं. घर भाड्याचं आहे, तर मालकांना विचारून गच्चीवर भोकं न पाडता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर स्टँड बसवा, पण ठोकळे भरपूर वजनाचे घ्या; वळवाचा वारा हलकं पॅनेल उचलतो. आणि बॅटरीच्या अगदी जवळ, प्लसच्या वायरीवर, डीसीचा फ्यूज घालायला विसरू नका. शॉर्ट झालं तर ही बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर सोडते आणि वायर पेटते.