पाडव्याच्या शोभायात्रेत बॅरिकेडपाशी स्वयंसेवकाने नेमके काय करायचे असते?

गिरगावच्या शोभायात्रेत बॅरिकेडवर उभे राहणाऱ्या स्वयंसेवकाला वाहतूक अडवण्याचा किंवा वळवण्याचा कोणताही कायदेशीर अधिकार नसतो. तो वाहतूक पोलिसांचाच असतो आणि आपण त्यांच्या सूचनेनुसार केवळ वाट दाखवायची असते. प्रत्यक्षात बहुतेक वेळ उत्तरे देण्यातच जातो, कारण ठाकूरद्वार नाक्यावर अडकलेल्या टॅक्सीवाल्याला पर्यायी रस्ता हवा असतो, चर्नी रोड स्थानकाकडे निघालेल्या आजींना पलीकडे जायचे असते, आणि ज्याचे घरच बंद रस्त्यावर आहे असा रहिवासी (त्याचा वैताग रास्तच असतो) गाडी आत सोडण्यासाठी हुज्जत घालतो. अशा वेळी वाद न वाढवता त्याला जवळच्या हवालदाराकडे न्यावे. रुग्णवाहिका किंवा अग्निशमन दलाचा बंब आल्यास मात्र हवालदाराला तत्काळ हाक मारून बॅरिकेड सरकवण्यास मदत करावी आणि गर्दीला बाजूला घ्यावे, म्हणून बॅरिकेडसमोर दुचाकी लावू देऊ नये. आदल्या दिवशी परिसर पायी फिरून गल्ल्या पाहून ठेवाव्यात. माझ्या मते शिट्टीपेक्षा ही माहितीच अधिक उपयोगी पडते. टोपी, पाणी आणि ओळखपत्र सोबत असावे.