सापेक्षतावाद लॉरेन्ट्झ यांच्या हातून निसटला का?

तुमचा प्रश्न असा: 'रूपांतरणं लॉरेन्ट्झची, आकुंचन लॉरेन्ट्झचं, बलसुद्धा लॉरेन्ट्झचं. मग सापेक्षतावादाचं श्रेय एकट्या आइन्स्टाइनला का? थोडक्यात हुकलेला माणूस, एवढंच का यांचं कर्तृत्व?'

हुकले, हे खरं आहे. पण 'एवढंच का' म्हणाल तर मुळीच नाही, आणि माझं कारण पाण्यातलं आहे. मी स्थापत्य अभियंता. उभी नोकरी कालव्यांवर गेली. चुंबकीय क्षेत्रातून धावणाऱ्या विद्युतभारावर किती बल लागतं, ते लॉरेन्ट्झचं सूत्र बारावीत घोकलं होतं. पुढे भरती-ओहोटीच्या गणितात हेच नाव दिसलं तेव्हा वाटलं, हा कुणी दुसरा असणार. (नावांचा घोळ आहेच. 'फुलपाखरू परिणाम'वाले एडवर्ड लॉरेन्झ अमेरिकेचे हवामानतज्ज्ञ, विद्युतचुंबकीतल्या 'गेज'चे लुडविग लॉरेन्झ डेन्मार्कचे.) पण निघाले तेच: हेन्ड्रिक लॉरेन्ट्झ, भौतिकशास्त्रज्ञ, जन्म १८५३, गाव नेदरलँड्समधलं आर्नहेम.

बाविसाव्या वर्षी डॉक्टरेट, आणि चोविसाव्या वर्षी, १८७८ मध्ये, लायडन विद्यापीठात सैद्धांतिक भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. ही जागाच नवी होती. मुळात ती दुसरे डच भौतिकशास्त्रज्ञ व्हॅन डर वाल्स यांच्यासाठी योजली होती, पण ते ॲमस्टरडॅमला गेले. त्यानंतर जवळपास वीस वर्षं लॉरेन्ट्झ परदेशातल्या परिषदांना फिरकलेसुद्धा नाहीत. लायडनमध्ये बसून एकच काम चाललं होतं: मॅक्सवेलचा प्रकाश (म्हणजे विद्युतचुंबकीय लहर) आणि पदार्थातले विद्युतभारित सूक्ष्म कण यांची सांगड घालणं.

त्याचं फळ १८९६ मध्ये दिसलं. त्यांचे जुने विद्यार्थी पीटर झेमान यांनी सोडियमची ज्योत चुंबकात धरली आणि वर्णपटातल्या रेषा रुंदावल्या. शनिवारी डच विज्ञान अकादमीच्या बैठकीत ही बातमी गेली. सोमवारी लॉरेन्ट्झ यांनी झेमानना बोलावून स्पष्टीकरण पुढ्यात ठेवलं. अणूच्या आत कंप पावणारा भारित कण असला तर असंच व्हायला हवं, आणि त्या रेषांच्या कडांचा प्रकाश अमुक तऱ्हेने ध्रुवित असायला हवा. झेमाननी तपासलं, तसंच होतं. हायड्रोजनच्या आयनाच्या मानाने या कणाचं भार-वस्तुमान गुणोत्तर हजारपटीहून जास्त निघालं. इलेक्ट्रॉनचा शोध म्हणून आपण थॉमसनचं १८९७ साल पाठ करतो, ते याच्या नंतरचं. दोघांना १९०२ चं नोबेल मिळालं.

आता सापेक्षतावाद. प्रकाशाच्या लहरी ज्यातून जातात असं तेव्हा मानलं जाई, त्या ईथर नावाच्या कल्पित माध्यमातून पृथ्वी धावते, तरी मायकेलसन आणि मोर्ली यांच्या प्रयोगात तिचा वेग का सापडत नाही? लॉरेन्ट्झ म्हणाले, गतीच्या दिशेने वस्तू आखडतात. (आयर्लंडचे फिट्झजेराल्ड हेच थोडं आधी म्हणाले होते.) १८९५ मध्ये त्यांनी 'स्थानिक काळ' (हलत्या वस्तूसाठी जागेनुसार बदलणारी वेळ) आणला आणि १९०४ मध्ये ती प्रसिद्ध रूपांतरणं, म्हणजे स्थिर निरीक्षकाची अंतरं आणि वेळ हलत्या निरीक्षकाच्या मोजमापात बदलणारी सूत्रं, मांडली. त्यांतल्या काही चुका पुढच्या वर्षी फ्रेंच गणितज्ञ प्वांकारे यांनी दुरुस्त केल्या, आणि लॉरेन्ट्झचं नाव त्यांना दिलं तेही प्वांकारेंनीच. म्हणजे सूत्रं हातात होती. पण लॉरेन्ट्झ यांच्या लेखी खरा काळ एकच, ईथरचा. स्थानिक काळ ही गणिताची सोय. आइन्स्टाइननी १९०५ मध्ये ती सोय हाच खरा काळ मानला आणि ईथरची गरजच संपली. एकाच काळाला आपण चिकटून राहिलो म्हणून चुकलो, हे लॉरेन्ट्झ यांनी पुढे स्वतःच्या पुस्तकात सरळ लिहिलं. श्रेयासाठी भांडण नाही, कुरकुर नाही. आइन्स्टाइनना ते वडिलांच्या जागी होते. म्हणून मला तरी श्रेयाची वाटणी ठीकच झालेली दिसते.

आता पाण्याकडे. जानेवारी १९१६ च्या वादळात नेदरलँड्समधल्या झाउडरझे या उथळ उपसागराचं पाणी किनाऱ्यावरच्या गावांत शिरलं. उपसागराचं तोंड सुमारे ३२ किलोमीटरच्या बांधाने बंद करायचं, असा कायदा १९१८ मध्ये झाला. भीती अशी होती, की आत जाऊन विरणारी भरती आता बांधावर आपटून परत फिरेल. मग बाहेरच्या किनाऱ्यावर पाणी किती चढेल? तिथले बंधारे किती उंच करायचे? जाणत्या इंजिनिअरांचेही अंदाज जुळेनात. सरकारने समिती नेमली आणि अध्यक्ष केलं पासष्टीला टेकलेल्या लॉरेन्ट्झ यांना.

अडचण घर्षणाची. पाण्याचा वेग दुप्पट झाला की घर्षण चौपट. एका दिशेने सरळ वाहणाऱ्या कालव्यात हे आम्ही सहज निभावतो. पण दिवसातून चारदा दिशा बदलणारं पाणी, तेही वाळूच्या पट्ट्यांमधल्या नाळांच्या (पाण्याच्या अरुंद वाटांच्या) जाळ्यातून! हाताने ते समीकरण सुटत नाही. लॉरेन्ट्झ यांनी चौपटीचं घर्षण काढून वेगाच्या साध्या प्रमाणातलं घर्षण घातलं. गुणांक मात्र असा निवडला, की एका पूर्ण भरती-ओहोटीत जेवढी ऊर्जा खरोखर वाया जाते, तेवढीच या खोट्या घर्षणातही जावी. त्यातून ८ भागिले ३ पाय, म्हणजे सुमारे ०.८५, हा आकडा येतो. मी तो वाचला त्या दिवशी कागद घेऊन दोनदा करून पाहिला. इतकी साधी युक्ती, आणि आपल्याला सुचली नसती याची खात्री!

मग आठ वर्षं आकडेमोड. नाळेमागून नाळ, बरीचशी त्यांनी स्वतः केलेली, सोबत थेइसे नावाचा तरुण इंजिनिअर. मधल्या काळात जगातल्या नामवंत भौतिकशास्त्रज्ञांच्या सॉल्व्हे परिषदांचं अध्यक्षपदही चालूच होतं. १९२६ मध्ये अहवाल आला: बांधाबाहेर भरती-ओहोटीतला फरक चांगलाच वाढेल, किनाऱ्याचे बंधारे त्या हिशेबाने उंच करा.

फेब्रुवारी १९२८ मध्ये ते हार्लेमला वारले. बांधाचं तोंड मिटलं २८ मे १९३२ ला, आणि पाणी बरंचसं अहवालात लिहिल्याप्रमाणेच वागलं. त्या बांधावर कॉर्नवेर्डरझांडला बोटी आत-बाहेर नेणाऱ्या जलद्वारांना त्यांचं नाव आहे.