देश शेवटी ठरवा, आधी गाइड आणि पगाराची मुदत बघा

बडोद्याच्या एम. एस. युनिव्हर्सिटीतून रसायनशास्त्रात एम.एस्सी., यजमान नोकरीत, मुलगी आठ वर्षांची, आणि पीएच.डी.साठी जर्मनी, अमेरिका की इंग्लंड, असं तुम्ही विचारलंत. वाचल्यापासून प्रश्न डोक्यातून जात नाहीये, म्हणून सविस्तर लिहिते. व्हिसाचा फॉर्म, इंग्रजीच्या परीक्षेचे गुण हे सरकारी पानांवर आहे, ते सोडून देते.

देश आणि रँकिंग शेवटी बघा. आधी गाइड. त्याच्या ग्रुपचे पाच-सहा वर्षांपूर्वीचे शोधनिबंध काढा, त्यांतली नावं आणि आजची विद्यार्थ्यांची यादी शेजारी ठेवा. एकदाच दिसून गायब झालेलं नाव सापडलं तर त्या व्यक्तीला मेल करा. सध्याच्या दोन विद्यार्थ्यांनाही करा. तिघांना तेच विचारा: थिसिस जमा करायला किती वर्षं लागली, किती जण मधेच सोडून गेले, गाइड महिन्यातून किती वेळा भेटतात, आणि करार संपल्यावर शेवटच्या महिन्यांचा पगार कुठून आला. या चौथ्या प्रश्नावर गप्प बसणारा ग्रुप मी यादीतून काढून टाकेन.

मुदतीचं महत्त्व बडोद्याला नव्याने सांगायला नको. बाबासाहेब १९१३ मध्ये सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. पुढे लंडनचा अभ्यास सुरू झाला, पण मुदत संपली आणि १९१७ मध्ये तो अर्धा टाकून परतावं लागलं. डी.एस्सी. हाती आली १९२३ मध्ये. कमाटीबागेवरून जाताना हे आठवत जा. काम आणि पैसा एकाच दिवशी संपत नाहीत.

जर्मनीत तुम्ही विद्यार्थी कमी आणि नोकरदार जास्त. करार बहुधा तीन वर्षांचा असतो, टीव्ही-एल ई-१३ या सरकारी वेतनश्रेणीत, पण पूर्ण पगाराचा क्वचितच. रसायनशास्त्रात पूर्ण पगाराच्या ५० ते ६७ टक्के चालतं, लॅबमध्ये दिवस मात्र पुरा भरावा लागतो. पन्नास टक्क्यांत तिघांचं भागणार नाही. ६५ च्या खाली होकार देऊ नका आणि चौथ्या वर्षाचं आश्वासन मेलवर लेखी घ्या. पगार पुरेसा असेल तर ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे राहण्याच्या खर्चाची हमी म्हणून बांधून ठेवलेल्या खात्यात, ११,९०४ युरो अडकवावे लागत नाहीत. यजमानांना काम करायची मुभा असते. वर्षाला ३० दिवस रजाही मिळते. घरी आई-वडिलांचं वय झालेलं असेल तर या रजेची किंमत पगारापेक्षा मोठी आहे, हे मला फार उशिरा कळलं.

अमेरिकेत पाच ते सहा वर्षं धरा. तुमच्या एम.एस्सी.ने त्यातलं फारसं वाचत नाही, कोर्सवर्क आणि क्वालिफायर, म्हणजे संशोधनाआधीची पात्रता परीक्षा, द्यावेच लागतात. फी माफ होऊन स्टायपेंड मिळतो, तो नऊ महिन्यांचा की बारा, ते ऑफर लेटरमध्ये शोधा. विद्यार्थ्याच्या कुटुंबाला मिळणाऱ्या एफ-२ व्हिसावर यजमानांना नोकरी करता येणार नाही. मला हेच सगळ्यात जड वाटतं.

इंग्लंडचा खर्च आधीच एकदम भरावा लागतो. विद्यार्थी आणि कुटुंबासाठी व्हिसाच्या अर्जासोबत भरायचा आरोग्य अधिभार माणशी वर्षाला ७७६ पौंड, म्हणजे चार वर्षं, तिघं, ९,३१२ पौंड. शिवाय रसायनशास्त्राला एटास नावाची परवानगी लागते. ती फुकट आहे, पण ती आल्याशिवाय व्हिसाचा अर्ज पुढे जात नाही.

आता मुलीची शाळा. जर्मनीच्या बहुतेक राज्यांत चौथीनंतर मुलांना वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत वाटलं जातं, बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये सहावीनंतर. बव्हेरियात जिम्नॅशियमसाठी, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेसाठी, जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास यांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली लागते, तिथे १ म्हणजे सर्वोत्तम. नऊ वर्षांच्या मुलीला वर्षभरापूर्वी कानावर पडलेल्या भाषेत जोखायचं, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. आणि मी हा नियम करारावर सही केल्यानंतर वाचला, याचाही. तुम्ही आधी वाचा. गाइड तितकाच चांगला असेल तर बर्लिनला झुकतं माप द्या. रुजू व्हायची तारीख शाळा उघडायच्या आत मागा, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरपूर्वी. वय बसत असेल तर मुलीला तिसरीतच बसवायची विनंती करा, एक वर्ष जास्त मिळतं. नव्याने आलेल्या मुलांसाठी काय सवलत आहे ते शाळेकडून लेखी घ्या. आपणहून कोणी सांगत नाही.

एकटेपणाचं विचारलंत. येतो, नोव्हेंबर ते फेब्रुवारी जास्त. गणपतीला मराठी मंडळ सापडतं. तेवढ्यासाठी जाणं थांबवू नका.

कागद मात्र आजपासून. आपल्याकडच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर आडनाव एका ओळीत, बाकीचं नाव दुसऱ्या ओळीत. लग्नानंतर मधलं नाव बदललेलं असेल तर तिसराच प्रकार. परदेशातल्या क्लार्कला या तीन वेगळ्या बायका वाटतात, आणि मेलवर कितीही समजावलं तरी उत्तर एकच येतं, पुन्हा कागद पाठवा. एकाच व्यक्तीची ही सगळी नावं आहेत असं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. लग्नाची नोंदणी झालेली नसेल तर ती करून घ्या. आणि मुलीचा जन्मदाखला कपाटातून काढून बघा. जन्माच्या वेळी नाव ठरलेलं नसतं, दाखल्यावर ती जागा कोरी राहते, आणि पासपोर्ट दुसऱ्या पुराव्यावर निघालेला असला तर कोणाच्या लक्षातही येत नाही. पंधरा वर्षांपर्यंत नाव घालता येतं, उशिराची फी भरून. गुजराती दाखल्याचं भाषांतर त्यानंतरच करा, नाहीतर कोऱ्या जागेचंही भाषांतर होऊन येईल.